एका पाव वळणासाठी

मित्रांनो, मी एक जुना प्लग व्हॉल्व्ह आहे, आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. नळाची चावी तुम्ही गोल गोल फिरवत बसता; माझं काम एका पाव वळणात होतं. माझ्या पोटात गाजरासारखं निमुळतं लोखंडी बूच आहे आणि त्याला आरपार भोक आहे. मूठ पाइपच्या रेषेत असली की वाट मोकळी. मूठ आडवी केली की भोक भिंतीकडे वळतं आणि वाट बंद. माझे भाऊबंद तेलाच्या, रसायनांच्या, अगदी सांडपाण्याच्या पाइपांवरही राबतात. माझ्या वाट्याला गॅस आला.

गाझियाबादला माझं ओतकाम झालं. देशात नव्या मोटारी येत होत्या, दिल्लीजवळ मानेसरच्या शेतांत कारखाने उभे राहत होते. तिथे सुट्या भागांचा रंग वाळवणाऱ्या भट्टीच्या गॅसलाइनवर मला बसवलं. देखभालीची इंजिनिअर क्षिप्रा दिल्लीतल्या आर. के. पुरमहून कंपनीच्या बसने यायची. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती मला बंद करायची, उघडायची, ग्रीस भरायची. तेवढ्याने माझा जीव हलका व्हायचा.

मग परदेशी ऑर्डरी आल्या आणि सुट्टीतही भट्टी पेटलेली राहू लागली.

"सर, थोडा वेळ भट्टी बंद करू द्या ना. व्हॉल्व्ह फिरवायचाय," क्षिप्राने उत्पादन सांभाळणाऱ्या विश्वनाथना विचारलं.

"अगं, टार्गेट बघ यार. पुढच्या शनिवारी, बिल्कुल."

पुढच्या शनिवारीही तेच. ग्रीस सुकलं, मी आतून जखडत गेलो. कुणी जवळून गेलं तरी वाटायचं, जाता जाता धक्का तरी मारा. किती चिडलो होतो मी!

एका दुपारी भट्टीजवळचा सांधा सुटला. गॅसचा वास पसरला.

"सब बाहर! कोई स्विच नहीं छुएगा!" विश्वनाथ ओरडले आणि धावत माझ्यापाशी आले. रंगारी मुरलीधर भट्टीपलीकडे अडकला होता. दाराची वाट गळतीवरूनच जात होती. त्याचा खोकला ऐकू येत होता. विश्वनाथ मुठीला अक्षरशः लोंबकळले. मला फिरायचं होतं हो, पण फिरता येईना.

"क्षिप्रा, हा हलत नाहीये." त्यांनी हाक मारली.

क्षिप्रा धावत आली आणि ग्रीसगन लावून तिने जोराने ग्रीस दाबलं. ते आत शिरताच बूच किंचित सुटं झालं.

"आता ओढा, सर."

कर्रकन मी वळलो. गॅसचा फुसफुसाट थांबला. थोड्या वेळाने मुरलीधर नाकाला फडकं लावून, भिंत धरत बाहेर आला. विश्वनाथांनी त्याला हात धरून मोकळ्या हवेत नेलं.

त्या ओढाताणीत मी आतून खरवडलो गेलो. गॅस अडवायला आता मी लायक नाही. आतलं बूच दिसावं म्हणून माझी एक बाजू कापून मला प्रशिक्षणाच्या खोलीत टेबलावर ठेवलंय. विश्वनाथ प्रत्येक नव्या कामगाराला माझी मूठ फिरवायला लावतात. दिवसभर मी फिरत असतो, मित्रांनो, पण माझ्यातून काहीच वाहत नाही. ही हुरहुर जात नाही.

तुमच्या घरी टाकीपाशी पाणी बंद करायचा असा एखादा कॉक असेल, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला. मोठ्यांना सोबत घ्या आणि तो एकदा फिरवून बघा. आजच. पुढच्या शनिवारी नको.