एकोणीस वेळा ‘बाद’

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, तुमचा विश्वास बसणार नाही. मी एक जुना रबरी शिक्का आहे, अंगठ्याएवढा, आणि या देशाचं अख्खं सरकार मी एका दुपारी पाडलं आहे. हसा खुशाल. मंत्रीसुद्धा आधी हसलेच होते.

माझ्या अंगावर दोनच अक्षरं आहेत : ‘बाद’. कचेरीसमोरच्या बोळात एक म्हातारा शिक्के कोरत बसायचा, त्यानं मला घडवलं. माझं रबर एका सेनापतीच्या मोटारीच्या टायरमधून कापलंय, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मी सांगताना मोटारीचा रणगाडा करतो. त्यानं मला उलटं कोरलं, म्हणून तर मी कागदावर सुलटा उमटतो. उलटं काय आणि सुलटं काय, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

माझ्याबरोबरच जन्मला तो ‘मंजूर’. त्याला पाहिलं की लोक हात जोडायचे. मला पाहिलं की त्यांचे चेहरे पडायचे. परवान्यांच्या कचेरीत आम्ही दोघं मोठ्या बाईंच्या टेबलावर राहत होतो. बाईंचा हात चोख. पूर्ण अर्ज वाचल्याशिवाय त्यांनी मला कधी उचललं नाही, आणि कचेरी सुटताना माझं तोंड पुसल्याशिवाय त्या कधी घरी गेल्या नाहीत.

त्यांचा धाकटा भाऊ छापखान्यात होता. त्यानं सरकारविरुद्ध एक पत्रक छापलं. नव्या कायद्यानं त्याला उचलून नेलं. खटला नाही, तारीख नाही. अकरा महिने झाले. आई नसलेली त्याची मुलगी बाईंकडे राहत होती आणि रोज विचारत होती, “आत्या, आज?”

अशात महानगर सभेची निवडणूक आली. तुम्ही म्हणाल, शहराच्या निवडणुकीचा देशाशी काय संबंध? राजधानीतलं सरकार एका लहान मित्रपक्षाच्या टेकूवर उभं होतं. त्या पक्षाच्या पुढाऱ्यानं जाहीर सांगितलं होतं, “शहर गेलं, तर आम्हीही गेलो.” आणि विरोधक चौकाचौकांत ओरडत होते, “आम्हाला शहर द्या, पकडलेली माणसं घरी आणतो.”

मोजणीला बाईंची नेमणूक झाली. त्यांनी पर्समध्ये मला घेतलं. मोजणी एका व्यायामशाळेत होती. दोर टांगलेले, घामाचा जुना वास, आणि तारेच्या जाळीमागे दोन्ही पक्षांची माणसं माना उंचावून उभी. दुपारपर्यंत ऐंशी जागांचे निकाल लागले. चाळीस इकडे, चाळीस तिकडे. एक्याऐंशीवी जागा बाईंच्या टेबलावर होती. तिथे विरोधक सात मतांनी पुढे होते आणि एकोणीस मतपत्रिका संशयाच्या तबकात होत्या.

आता नीट ऐका. मतदाराच्या शिक्क्याची खूण म्हणजे गळासारखा, उजवीकडे वळलेला आकडा. मुद्दामच तशी. शाई ओली असताना घडी घातली, तर समोरच्या चिन्हावरही डाग उमटतो, पण तो डावीकडे वळलेला. डावा आकडा धरायचा नाही, उजवा धरायचा, असा नियम. एका केंद्रावर कुणीतरी पॅडमध्ये शाई भसाभस ओतली होती. त्या एकोणीस मतपत्रिका तिथल्याच. एकोणीसच्या एकोणीस उजवे आकडे सरकारी पक्षावर होते.

“बाई, घडीचा डाग आहे तो!” जाळीमागून सरकारी पक्षाचा चष्मेवाला ओरडला. “उलटा आहे, दिसत नाही का? आरसा आणू?”

“आरसा घरी बघा,” बाई म्हणाल्या. “मला दोन खुणा दिसतायत. दोन खुणा म्हणजे बाद.”

“बघ की लेका, बाईंना दोन दिसतायत,” विरोधकांचा मफलरवाला खिदळला. “तुझा चष्मा दे त्यांना, तीन दिसतील!”

मी खाली पडलो. एकदा, दोनदा, एकोणीस वेळा. फेरमोजणी झाली, पण बाद मतं पुन्हा उघडत नसत. सात मतांनी शहर गेलं. आठवड्यात टेकू गेला, महिन्यात सरकार गेलं.

आणि नवं सरकार आलं. त्यानं तो कायदा मोडला नाही, मुदत वाढवून घेतली. सुटकेची यादी निघाली, तिच्यात त्यांच्याच पक्षाची माणसं होती. बाईंनी यादी तीनदा वाचली. चौथ्यांदा बोट ठेवून वाचली. मग त्यांनी नोकरी सोडली. आता त्या घरी लोकांचे कपडे शिवतात, आणि मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये बटणांत पडून असतो. रबराला चिरा गेल्या आहेत. माझं तोंड आता कुणी पुसत नाही.

म्हणून विनवणी करतो मित्रांनो, ओल्या शाईची घडी घालू नका. पॅड कोरडं ठेवा, शिक्का वापरल्यावर पुसा. आणि बाईंना बोल लावू नका. खरं सांगतो, शपथेवर सांगतो, त्या दुपारी त्यांचा हात नुसता टेबलावर होता. त्यांनी मला उचललंच नाही. मला सरकारचा राग आला आणि मीच तबकात उडी मारली. एकोणीस वेळा, आपोआप, रणगाड्याचं रबर ते, उसळणारच की...

“खोटं!” बटण शोधायला आलेली बाईंची भाची ड्रॉवरवर ओणवून म्हणाली. “तुला मूठ असते ती कुणीतरी धरायलाच. आत्यानंच मारलं तुला. बाबांना आणायला मारलं.”

मशीन थांबलं.

“हो ना गं, आत्या?”