डिझेलच्या ट्रॅक्टरला वाट

विमानतळावरचे सगळे डिझेल ट्रॅक्टर भंगारात गेले आणि बॅटरीवरचे आले, त्याला महिना झाला. नवे इतके गुपचूप येतात की मांजरांनीही शिकवणी लावावी. पण माझी आई अजून जुन्यालाच वाट देते.

ट्रॅक्टर विमान मागे ढकलतो, तेव्हा पंख कशाला घासू नये म्हणून आई पंखाच्या टोकाशी काठी उंच धरून चालते. आणि हल्ली मध्येच टुणकन बाजूला होते. काठी खाली म्हणजे थांबा, की विमान जागच्या जागी! मागे बघावं तर कुणीच नाही.

"कुणाला वाट देता हो ताई? भुताला?" ड्रायव्हर खिदळायचे. सुपरवायझर मात्र हसले नाहीत. पुन्हा असं झालं तर आईची बदली आत, सामानाच्या पट्ट्यावर. तिचं सगळं आयुष्य उघड्यावर काम करण्यात गेलेलं. आत ती घुसमटेल, हे मला पक्कं ठाऊक.

म्हणून सकाळीच मी दम भरला. "काही ऐकू आलं तरी हलायचं नाही. माझी शपथ!"

"तू माझी आई की मी तुझी?" ती म्हणाली, पण कबूल झाली.

आज कामगारांच्या घरच्यांना नवी यंत्रं दाखवायची होती. भर दुपारी आम्ही इमारतीच्या भिंतीलगत, पिवळ्या रेषेमागे उभे, सुपरवायझर सगळ्यांत पुढे. विमान हललं, आवाज शून्य. आई अशी रुबाबात चालली होती की वाटलं, ओरडून सांगावं, ती माझी आई!

तेवढ्यात डिझेलचा वास आला.

मग धडधड. रिकाम्या सिमेंटवरून, सरळ आईकडे. पायांखालची जमीन थरथरू लागली. आईचा चेहरा पांढराफटक, पण ती हलेचना. धडधड अगदी तिच्या पाठीशी आली.

"आई, सुटली शपथ! हो बाजूला!" मी जीव खाऊन किंचाळले.

तिने उडी मारली. काठी पडली, विमान थांबलं. धडधड तिच्या जागेवरून पुढे गेली, वळली आणि आमच्याकडे आली. कुणी काही न सांगता आम्ही सगळे दोन्हीकडे सरकलो. मधून कुणीतरी गेलं. गरम हवा गालाला चाटून गेली.

आई धापा टाकत आली. "साहेब, बदली कधीपासून?"

सुपरवायझर पोट आत ओढून भिंतीला चिकटले होते.

"कसली बदली, ताई?" ते कुजबुजले. "आधी सांगा, परत येताना कुठल्या बाजूने येतो तो?"