रुईची अकरा झाडं

वाळवंटात वाळू वाटते त्यापेक्षा कमी असते, हे मला जैसलमेरच्या पुढे गेल्यावर कळलं. आमच्या शिबिराभोवती पिवळा चुनखडक होता, त्यावर गंजल्यासारखे लाल खडे, आणि मधूनच वाळूचे पट्टे. भोपाळच्या एका संस्थेनं फेब्रुवारीत आम्हा चौदा जणांना दहा दिवसांसाठी तिथे नेलं होतं. त्यांतला एकच जण जुलैपासून दोन वर्षं त्या वाळवंटात संशोधन सहायक म्हणून राहणार होता. ती जागा मला हवी होती. नागपूरला एमएस्सीची परीक्षा चालू असतानाही मी रात्रीच्या अभ्यासातून वेळ काढून राजस्थानच्या खडकांबद्दल वाचत होते.

चंचलला फॉर्म मीच पाठवला होता. मी सौंसरची, ती पांढुर्ण्याजवळच्या सावरगावची; दोन्ही गावं मध्य प्रदेशातल्या मराठी पट्ट्यातली. बारावीच्या शिकवणीत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तिनं पांढुर्ण्यातच बीएस्सी केलं. एवढ्या लांबच्या प्रवासाला सोबत होईल, इतकाच माझा विचार होता. तीही निवडली जाईल आणि आमची गाठ एकाच जागेसाठी पडेल, असं मला वाटलं नव्हतं.

प्रत्येकाला एक किलोमीटरची सरळ रेघ नेमून दिली होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत जे दिसेल ते वहीत नोंदवायचं: खडक, झाडं, प्राणी, त्यांच्या खुणा. "जिस भाषा में सूझे, उसमें लिखिए," मनोहर सर म्हणाले होते. "बस, देखा हुआ लिखिए." शिबिराचे प्रमुख तेच, आणि निवडही तेच करणार होते. मी इंग्रजीत लिहायचे, शास्त्रीय नावं आणि टेपनं मोजलेली अंतरं देऊन. चंचल मराठीत लिहायची, जसं बोलते तसं.

चौथ्या दिवशी सरांनी रेघा बदलायला लावल्या. दुसऱ्याकडून काय सुटलं ते शोधायचं. चंचल माझ्या रेघेवर चालू लागली आणि सर नेमके आमच्याच मागे आले.

साडेतीनशे मीटरवर ती थांबली. "तृप्ते, हे पाय व. इथं कोनीतरी दार लावून बसलं आहे."

मी पाहिलं. "वाळू आहे."

"वाळू तं आहेच. पन बाकीच्या वाळूवर वाऱ्याच्या रेघा आहेत. इथं एवढ्या ताटलीभर जागेत नाहीत."

सर गुडघ्यावर बसले आणि खूश होऊन म्हणाले, "सांडा!" सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा. उन्हात तो बिळाचं तोंड आतून मातीनं बंद करून बसतो. आम्ही दूर जाऊन वाट पाहिली. चाळीस मिनिटांनी ती ताटली हलली आणि मातकट डोकं बाहेर आलं. माझ्या वहीत त्या जागेसमोर लिहिलं होतं: प्राण्यांच्या खुणा नाहीत.

हे मी सहन केलं असतं. प्राणी हा माझा विषय नव्हे. पण आठशे मीटरवर चंचलनं एक तपकिरी दगड उचलला. मी त्याची कठीणता तपासली होती आणि 'वालुकाश्म' असं लिहून पुढे गेले होते.

"हे लाकूड आहे," ती म्हणाली.

"चंचल, दगड आहे तो."

"आता दगड आहे. आंधी लाकूड होतं. हे पाय, खोडाचे वळे. मोहगावले माह्या मामाच्या वावरात धुऱ्यावर असेच गोटे पडून राहते. मामी त्याच्यावर कपडे धुते."

सरांनी भिंग लावलं. मग इतक्या मोठ्यानं हसले की पुढच्या रेघेवरची मुलं वळून पाहू लागली. "मामीजी से कहिए, करोड़ों साल पुराने पेड़ पर साबुन लगा रही हैं!"

मोहगावच्या दगडी लाकडांबद्दल मी नागपूरच्या पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. सौंसरहून मोहगाव बसनं जवळ. मी कधी गेले नव्हते. मी वहीतला 'वालुकाश्म' खोडला. त्यानंतर मला तिचं सगळंच खुपू लागलं. अंग टाकताच तिला लागणारी झोप. उंटवाल्याशी मोडक्या हिंदीत तासभर चालणाऱ्या गप्पा. सर तिला 'चंचल बेटा' म्हणायचे आणि मला 'तृप्ती जी'.

आठव्या दिवशी दुपारी सगळे चिंकारा हरणं पाहायला जीपनं गेले. मी नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायच्या म्हणून मागे राहिले. खरं तर चिंकाराही आधी तिलाच दिसेल, आणि ते मला पाहायचं नव्हतं. तंबूत सर वह्या वाचत बसले होते. त्यांनी मला हाक मारली.

"तृप्ती जी, आप दोनों एक ही तरफ़ की हैं ना? ये ज़रा देखिए." चंचलची वही होती. तिनं लिहिलं होतं: रुई, अकरा झाडं. बोंडं फुटून राहिली.

"रुई के ग्यारह पौधे?" सर म्हणाले. "रेगिस्तान में? रुई मतलब?"

मला अर्थ तत्क्षणी कळला होता. मराठीत रुई म्हणजे मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती, पांढऱ्या चिकाची. हिंदीतला आक. वाळवंटात तो पावलोपावली होता. माझ्या वहीतही होता, त्याच्या लॅटिन नावानं. पण सर खडकांचा माणूस, आणि भोपाळचे.

मी म्हणाले, "सर, हिंदी में तो रुई कपास की ही होती है."

"और ये बोंडं?"

"कपास के फल को हमारे यहाँ बोंड कहते हैं."

सरांनी चष्मा काढला. "लड़की तेज़ है. पर घर का खेत याद करके लिख देती है. ये नहीं चलेगा." त्यांनी पानाच्या कडेला पेन्सिलनं लहानशी फुली मारली.

मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. बाहेर येऊन मी अठ्ठावीस चिठ्ठ्या लावल्या, सगळ्या सरळ रेषेत. संध्याकाळी चंचल परत आली आणि जीपमधूनच ओरडली, "तृप्ते, सात चिंकारा! तू असतीस तं मजा आली असती." मला वाईट वाटलं नाही. हलकं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा हलकंच वाटलं होतं.

मार्चच्या मध्यावर मेल आला. जागा मला मिळाली होती.

दोन दिवसांनी चंचल पांढुर्ण्याहून बसनं सौंसरला आली. आम्ही बसस्टँडसमोरच्या रसवंतीत बसलो. तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. तिच्या वहीची झेरॉक्स होती; मूळ वह्या भोपाळला सरांकडेच होत्या.

"हे घे. माही रेघ. जुलैत गेली की तुले कामी पडन. सांड्याच्या बिळांचे नकाशे काढले आहेत. अन् हे पान पाय, रुईचं. सातव्या झाडावर पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या होत्या. त्याईचं पुढं काय होते, तेवढं पाहून मले सांगजो. माह्यानं तं आता होत नाही."

तिच्या आवाजात कुठेही सल नव्हता. मला तो हवा होता. ती जराशी तरी जळली असती, तर मी गप्प बसू शकले असते.

"त्या पानामुळेच तुझं नाव गेलं," मी म्हणाले. "सरांना रुई म्हणजे कापूस वाटला."

ती हसली. ठसका लागून रस नाकात गेला. "कापूस? वाळवंटात? अन् पऱ्हाटीले पानी कोन देते म्हना, उंट?" मग ती हसायची थांबली. "पन हे तुले कसं माहीत?"

"त्यांनी मला विचारलं होतं."

"अन् तू काय सांगतलं?"

मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. उसाच्या चरकाचा आवाज चालू होता, तरी तिला सगळं ऐकू गेलं. तिनं टेबलावर सांडलेल्या रसातून बोटानं एक लांब रेघ ओढली.

"नंबर आहे ना सरचा? लाव."

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

"सर, मैं चंचल. पांढुर्णावाली... जी, अच्छी हूँ. सर, वो रुई है ना मेरी, वो कपास नहीं, आक है. हम लोग आक को रुई बोलते... हाँ सर, बोंड तो अपन सबको बोल देते, कपासवाले लोग हैं ना... गिन के लिखे सर, ग्यारह. सातवें पर इल्लियाँ भी थीं." मग पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तृप्ती? नहीं सर, उसको कहाँ से मालूम रहेगा. वो तो झाड़ को अंग्रेज़ी में पहचानती है."

तिनं फोन परत दिला. "वही फिरून पाहतो, सोमवारी सांगतो म्हने."

"मला कशाला वाचवलंस?" मी विचारलं.

"तुले कोन वाचवलं? तुह्यं सांगतलं असतं तं अर्धा तास तुह्याच गोष्टी झाल्या असत्या. मले माह्या रुईचं सांगायचं होतं."

मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. एवढ्या रागातही तिला सातवं झाड आठवत होतं. मला तिथलं कोणतं झाड असं आठवतं, ते मी मनातल्या मनात शोधू लागले. फक्त अंतरं आठवली.

पांढुर्ण्याची बस लागली. चंचल उठली, आणि टेबलावरची झेरॉक्स मी हात पुढे करायच्या आत उचलून तिनं पिशवीत टाकली.

"हे आता मलेच लागन," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी सरांचा मेल आला: जागा आता चंचलची होती. झेरॉक्स तिलाच लागणार होती.