गोदी हा शब्द

"ही वाळू उचला, भावोजी. आत्ताच्या आत्ता."

न्युबियावहिनीने मला दारातच अडवलं. माझ्या दोन्ही हातांत वाळूने भरलेल्या बादल्या. मागदालेना नदीच्या काठी फुकट मिळते, सगळे तीच वापरतात, म्हणून सकाळी सकाळी जाऊन भरून आणली होती.

"अहो, पण वाळूशिवाय वाळूचा फवारा मारायचा कसा?"

"तुमचा भाऊ कशाने गेला?"

एलिएसेर, माझा थोरला भाऊ, बावीस वर्षं गोदीत जहाजांचा गंज काढत होता. हवेच्या जोराने वाळू मारायची, तोंडाला नुसता रुमाल. शेवटी शेवटी अंघोळीला उठला तरी त्याला धाप लागायची. गोदीच्या डॉक्टरने कागदावर कारण लिहिलं, धूम्रपान. ज्या माणसाने जन्मात सिगारेट हातात धरली नाही, त्याच्या कागदावर!

येत्या शनिवारी त्याची वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होती आणि थडग्यावर अजून दगड नव्हता. वहिनीला हवा असलेला मजकूर गावातला एकही पाथरवट कोरायला तयार नव्हता. मजकूर एवढाच: 'एलिएसेर पालेन्सिया. गोदीच्या वाळूने गेला. सिगारेट कधी ओढली नाही.' आबेलार्दो पाथरवट म्हणाला, "बाई, तेवढी गोदी गाळ, बाकीचं फुकट कोरून देतो." गोदीवाल्यांच्या बंगल्यांच्या फरश्या त्याच्याकडूनच जातात. वहिनी म्हणाली, "मग फरश्याच घासत बस," आणि घरी येऊन परसात फवाऱ्याने दगड कोरायचा स्वतःचा कारखाना मांडायला घेतला.

मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. गोदीच्या खानावळीतली थंड खोलीही माझ्याकडेच. त्यामुळे या मजकुराशी माझं नाव जोडलं जायला नको होतं. पण वहिनीला नाही म्हणायची माझी काय टाप! दगड आत ठेवून फवारा मारायला एक मेलेला फ्रिज आडवा टाकला. दाराला दोन भोकं पाडून आतल्या बाजूने कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे बसवले, वर बघायला काच लावली, मागून धूळ ओढायला पंखा आणि पिशवी. हवेची टाकी पंक्चरवाल्याकडून आली. वहिनीने स्वतः जाऊन आणलेली वस्तू एकच, तोंडाला लावायचा, धूळ गाळणाऱ्या दोन डब्यांचा मुखवटा.

"गोदीने त्यांना कधी दिला नाही," ती म्हणाली. "माझ्या कारखान्यात नियम आहे. मुखवटा नाही तर काम नाही."

वाळूऐवजी काच घ्यायची ठरली. आळीने रिकाम्या बाटल्या आणून अंगणात रास घातली. शेजारचा पापी गोमेस तर म्हणाला, "एलिएसेरसाठी मी आणखी पितो, काळजी करू नका." ओल्या गोणपाटाखाली आम्ही बाटल्या कुटल्या, चाळल्या.

पहिला फवारा मारला आणि नळी खोकायला लागली. फस्स, फुस्स, बंद. आमच्याकडची हवा इतकी दमट की नळीत पाणी साठून काचेचा चुरा चिकटून बसला. वहिनी मुखवट्याआडून म्हणाली, "फ्रिजवाल्याला हे आधी सुचू नये?" मला लाज वाटली. मग तांब्याची नळी वेटोळी करून बर्फाच्या बादलीतून नेली, खाली पाणी सोडायला तोटी बसवली. यावेळी दगडाच्या तुकड्यावर करकरीत रेघ उमटली. वहिनीने ती बोटाने चाचपली आणि पहिल्यांदा हसली.

राहिली अक्षरं. दगडावर रबराचा पत्रा चिकटवायचा आणि अक्षरं कापून काढायची. उघडं पडेल तेवढंच खोदलं जातं. माझा हात स्थिर, म्हणून ते काम माझ्याकडे. शुक्रवारी दुपारी वहिनी चर्चमध्ये गेली असताना मी कापायला बसलो. आणि मी 'गोदीच्या' हा शब्द गाळला. नुसतं 'वाळूने गेला'. हे मी केलं, सख्ख्या भावाच्या दगडावर.

वहिनी आली, वाचलं, पुन्हा वाचलं.

"जागा पुरेना," मी म्हणालो.

"जागा आहे की. ही काय चार बोटं."

"वहिनी, खानावळीचं काम जाईल माझं."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला कळतं ते, भावोजी. पण मला आधी सांगायचं होतंत." मग पातं उचललं आणि 'वाळूने'च्या वरच्या जागेत तो शब्द स्वतः कापला. चौथी शिकलेली बाई, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली. फवारा मात्र तिने त्या शब्दावर इतका वेळ धरला की मलाच हात पुढे करून हवेची तोटी बंद करावी लागली.

शनिवारी मिस्सेनंतर दगड बसवला. गोदीतली माणसं रविवारच्या कपड्यांत आली होती. त्यांच्यातच खानावळीचा मुकादमही होता. तो वाकला, वाचलं, आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"ही अक्षरं कुणी कापली, विल्फ्रिदो?"

"मी."

"सगळी? हा वाकडा शब्दसुद्धा?"

वहिनी तोंड उघडणार होती. मी तिच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"तोसुद्धा मीच."

मुकादम टोपी घालून निघून गेला. मागची माणसं एकेक करून पुढे आली. कुणी फुलं ठेवली, कुणी नुसताच त्या शब्दावरून अंगठा फिरवला. त्यातले दोघे खोकत होते.