जहाजाच्या दिवशीचे बूट

मारेवो बेटावरची एकशे बारा घरं लेसावीने अकरा दिवसांत पालथी घातली. खांद्याला सरकारी पिशवी, हातात फॉर्मांचा गठ्ठा आणि पायात चिखलाने भरलेल्या चपला. काम होतं रोजगाराच्या मोजणीचं. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे कोणाच्या घरी किती पोरं आणि कोणाच्या बागेत किती सुरण हे तिला न विचारताच ठाऊक होतं. पण सरकारला ठाऊक नव्हतं ना, म्हणून विचारायचं.

राजधानी विलातल्या सरकारने देशाचं नवं रोजगार धोरण काढलं होतं. जाडजूड पुस्तक, वर हसऱ्या माणसांचे फोटो. आत सगळी गोड गोड वाक्यं, पण एक कलम खरंच कामाचं होतं. ज्या बेटावर काम शोधणारी माणसं जास्त, तिथे रस्त्याचं काम आधी सुरू होणार होतं. तीस माणसांना वर्षभर रोजगार. त्या तिसांत एक नाव कोणाचं असावं, हे लेसावीने मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिच्या मामाचं, ओबेदचं.

बाप गेल्यावर मामानेच तिला वाढवलं होतं. तेव्हा तो रस्तेखात्यात टोळीचा मुकादम होता. त्याच्याच पगारावर ती विलाच्या शाळेत शिकली. मग नऊ वर्षांपूर्वी खात्याने बेटावरचं ठाणं बंद केलं, फावडी-घमेली जहाजात भरून नेली आणि मामा घरी बसला. घरी बसला म्हणजे नुसता बसला नव्हता. बाग करत होता, मासे आणत होता, सगळ्यांना पोटभर खाऊ घालत होता. पण मुकादम ओबेद होता तो राहिला नाही, हे गावात कोणीही सांगितलं असतं.

आता काम नाही एवढ्यावर माणूस बेकार ठरत नाही, बरं का. त्याने काम शोधलेलं असावं लागतं. गेल्या चार आठवड्यांत कुठे अर्ज केला का, नाव नोंदवलं का, कचेरीत चौकशी केली का, असं फॉर्म विचारतो. नाही म्हटलं की तो माणूस मोजणीतून बाद. लेसावी हा प्रश्न विचारायची आणि लोक हसायचे. कुठे शोधायचं बाई, नारळाच्या झाडावर? असं म्हणून तिलाच केळीच्या पानात भाजलेलं लापलाप खायला बसवायचे. कचेरी जहाजाने दीड दिवसावर. अकरा दिवसांनी तिने बेरीज केली, तर अख्ख्या बेटावर काम शोधणारी माणसं निघाली चार. तिला रडूच आलं.

मामाच्या घरीही तेच झालं होतं. आमच्याकडे आईच्या भावाला तोंडावर प्रश्न विचारत नाहीत. त्याचं नाव घेत नाहीत, त्याच्यासमोर पाय पसरत नाहीत. लेसावी फॉर्म घेऊन चटईवर बसली तसा मामा उठला आणि बागेकडे चालू लागला, म्हणजे तिची पंचाईत व्हायला नको. उत्तरं मामीने दिली.

"ह्यांनी काम शोधलं का म्हणतेस?" मेरिअम मामी म्हणाली. "हे कुणाच्या दारात जातात होय? मरतील पण हात पसरणार नाहीत."

लेसावीने खूण केली, शोधत नाही. खोटं लिहायची तिची तयारी नव्हती. खोटं एकदा सापडलं की बाकीची एकशे अकरा घरंही खोटी धरतात.

बाराव्या दिवशी मालवाहू जहाज आलं. लेसावी परतीच्या तयारीने धक्क्यावर पोचली, पिशवी जहाजावर चढवली आणि मामीचा निरोप घ्यायला खाली उतरली. गाव नेहमीसारखं जमलं होतं. लहानपणापासून ती हेच बघत आली होती, जहाज आलं की सगळे धक्क्यावर. तिला वाटायचं गंमत बघायला येतात.

तेवढ्यात तिला मामा दिसला. इस्त्री केलेला शर्ट आणि पायात बूट. रस्तेखात्याचे जुने बूट, तळाला टायरचा तुकडा ठोकलेला. आमच्या बेटावर बूट घालतंच कोण? तो पुरुषांच्या रांगेत ताठ उभा होता. जहाजाच्या मुकादमाने माल उतरवायला बोट दाखवून सहा जण निवडले, सगळे तरणेबांड. त्याचं बोट मामावरून पुढे सरकलं. मामाने मान खाली घातली नाही. सुटलेला एक दोर उचलला आणि कोणी न सांगता नीट बांधून ठेवला.

लेसावी मामीकडे वळली.

"मामी, मामा दर जहाजाला येतात?"

"दर जहाजाला. नऊ वर्षं झाली," मामी म्हणाली. "ह्यांचं म्हणणं, रस्त्याची माणसं आली तर जहाजानेच येतील. ती आली आणि हे नसले तर?"

"मग मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस काम शोधतात का. धक्क्यावर जातात का, हे कुठे विचारलंस?"

लेसावी त्या रांगेतली तोंडं एकेक करून बघू लागली. टोमान, सुतार मासिंग, शाळेचं छप्पर घातलेले दोघे भाऊ. ह्या सगळ्यांच्या नावापुढे तिने अकरा दिवसांत तीच खूण केली होती. स्वतःचाच तिला भयंकर राग आला. इथली पोर असून तिने विलाच्या माणसासारखं विचारलं होतं.

धक्क्याच्या टोकाला फोन लागतो. तिथे जाऊन तिने वरिष्ठांना, काल्मेरसाहेबांना, फोन लावला. साहेब वैतागले. जहाज बघायला जाणं म्हणजे काम शोधणं नव्हे म्हणाले, उद्या समुद्राकडे बघत बसलेलेही बेकार ठरवशील.

"साहेब, तुम्ही नोकरी कुठे शोधलीत?"

"कुठे म्हणजे? कचेरीत."

"इथे कचेरी नाही. इथे धक्का आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेबांनी सांगितलं की 'इतर' असा एक रकाना आहे, त्यात प्रत्येकाचं वेगळं लिही आणि सही घे. पुढच्या जहाजापर्यंत थांबतो, पण बेटाला रस्त्याचं काम मिळेलच असं मी म्हणत नाही. आणि उशीर झाला म्हणून पुढच्या मोजणीच्या यादीतून तुझं नाव मात्र जाईल. लेसावीकडे दुसरं काम नव्हतं. मोजणी संपली की तीही फॉर्ममधल्या त्याच प्रश्नापाशी येणार होती. तिने बरं म्हटलं, जहाजावर चढली आणि पिशवी घेऊन खाली उतरली.

जहाज गेलं, गर्दी पांगली. मामा अजून धक्क्याच्या कडेला बसून होता. तोंडावर विचारायचं नाही, म्हणून लेसावी त्याच्याकडे पाठ करून बसली आणि किनाऱ्याकडे बघत फॉर्म वाचू लागली, जणू झाडांनाच विचारत होती. गेल्या चार आठवड्यांत काम मिळवण्यासाठी काय केलं?

मागे बूट सरकल्याचा आवाज आला. तिला वाटलं, मामा उठून जाणार. आपण मर्यादा सोडली, आता हा माणूस आयुष्यभर बोलणार नाही.

"दोन जहाजं आली," अखेर मामा म्हणाला. "दोन्हींना उभा होतो."

तिने 'इतर'मध्ये ते जसंच्या तसं लिहिलं. मग शेवटचा प्रश्न वाचला, काम मिळालं तर दोन आठवड्यांच्या आत रुजू होता येईल का?

ह्या वेळी उत्तर लगेच आलं.

"बूट घालूनच बसलोय, पोरी."