तळचा दुसरा शिंपला

मी तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ. दिवसांचा आकडा. मला कुणी घडवलं नाही. आमच्या माया लोकांतल्या लेखनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडे बघत माना मोडून घेतल्या, तेव्हा मी त्यांना सापडलो.

माझी थोरवी मीच सांगतो, राग मानू नका. पवित्र दिनगणनेचा फेरा दोनशे साठ दिवसांचा, सूर्याचा तीनशे पासष्टांचा, शुक्राचा पाचशे चौऱ्याऐंशीचा, मंगळाचा सातशे ऐंशीचा. चौघांची चाल निराळी. पण माझ्या दारात चौघेही एकाच दिवशी पोचतात आणि एकही दिवस शिल्लक उरत नाही! शुक्र तर दोन हजार तीनशे चाळीस फेरे घालून येतो. मला स्वतःलाच याचं नवल वाटतं.

म्हाताऱ्या नापुक लेखनिकाच्या पोथीत, चुना दिलेल्या सालीच्या पानावर मी राहत होतो. वरून खाली नऊ, नऊ, सोळा आणि तळाला दोन शिंपले. शिंपला म्हणजे शून्य. आमच्याकडे प्रत्येक घराची किंमत खालच्या घराच्या वीसपट, फक्त तळापासून तिसऱ्याची अठरापट; तळचं एक घर गेलं की वरची सगळी एकेक पायरी घसरतात.

लेखनिक गेला की त्याची पोथी त्याच्याबरोबर पुरायची, ही आमच्याकडची रीत. नापुकचे डोळे गेले होते, खोकला वाढला होता. म्हणून त्याची लेक त्सुनुन घाईने नवी पोथी उतरवत होती. माझ्या पानाचा खालचा कोपरा ओलीने खाल्ला होता. तिने दिसलं तसं लिहिलं आणि मी एका फटक्यात अडुसष्ट हजार तीनशे साठ झालो. ओरडावंसं वाटलं, पण आकड्याला कुठलं तोंड!

"तळाला काय आहे गं?" नापुकने विचारलं.

"एक शिंपला."

"एकच? दोन होते वाटतं."

"कोपरा कुजलाय, बाबा. आणि शून्यच ते! एक गेलं म्हणून काय आभाळ कोसळतं?"

"आभाळच कोसळतं, शहाणे! पण माझ्या आठवणीवर जाऊ नकोस, ती माझ्यापेक्षा म्हातारी झालीय. शुक्राच्या फेऱ्यांनी मोजून बघ."

त्सुनुनने चटईवर माझ्या घरांप्रमाणे मक्याचे दाणे मांडले. बाप पाढे म्हणत गेला, ती दाणे उचलत गेली. शेवटी बत्तीस दिवसांचे दाणे उरले. तिचा चेहरा उतरला. मग दुसरा शिंपला धरून तिने पुन्हा पहिल्यापासून मांडलं. सूर्य कलला तेव्हा चटई रिकामी होती.

"बाबा... काहीच उरलं नाही."

"बघ, पोरी," नापुक म्हणाला, आणि हसता हसता रडू लागला.

एकोणिसाव्या दिवशी तो गेला. रीतीप्रमाणे तोंडात मक्याचं पीठ घातलं, छातीवर जुनी पोथी ठेवली. मी नव्या पोथीत सुखरूप आहे. हेही पान कधीतरी कुजेल. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, मला मोजून बघा. एक दिवस जरी उरला, तरी समजा, तो मी नव्हे.

माती लोटण्याआधी त्सुनुन खड्ड्यात उतरली होती. तिने जुन्या पोथीतलं माझं पान उघडलं आणि कुजलेल्या कोपऱ्यावर समुद्राचा एक खराखुरा शिंपला ठेवला.

"घ्या, बाबा," ती म्हणाली, "मोजणी अर्धी घेऊन जाऊ नका."