समोरच्या भिंतीवरचे मास्तर

पानगळ सुरू झाली की त्या वस्तीच्या अंगात कला संचारायची. आठ दिवसांचा मेळा असे. वाचनालयाच्या दालनात चित्रं, शाळेच्या पटांगणात गाणी, शेवटच्या दिवशी नाटक. आणि दरवर्षी वस्तीतली एक भिंत रंगवायची. यंदा भिंत ठरली ती मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरासमोरची, गोदामाची, आणि तिच्यावर चित्र ठरलं खुद्द मास्तरांचं.

मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांनी वस्तीतल्या पोरांना फुकट गाणं शिकवलं. मास्तरांचा आवाज कधी चढला नाही असं सगळे सांगत, आणि ते खरंच होतं. घरातही चढला नाही. बाई कामावरून दहा मिनिटं उशिरा आल्या की मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीतून आधी घड्याळाकडे बघत, मग बाईंकडे, आणि पुढे पंधरा दिवस अबोला. वाढताना बघत, केस विंचरताना बघत. घरात कुठल्याही खोलीचं दार आतून लावायची सोय नव्हती. हात मात्र कधी उगारला नाही. त्यामुळे सांगायचं काय आणि सांगायचं कुणाला, हे कोडं बाईंना जन्मभर सुटलं नाही.

ते गेल्यावर महिन्याभरात बाईंनी ती खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात त्या पानं शिवायचं काम करत. सुटल्यावर थेट घरी न येता वाटेतल्या बाकावर उगीच बसायला लागल्या. हाताला खळीचा वास, बोटाला सुईची टोचणी, आणि जाब विचारायला कुणी नाही. घरी आलं की खिडकी सताड उघडायची आणि गुणगुणत भाजी चिरायची. एवढंच त्यांचं सुख होतं, पण ते सगळंच्या सगळं त्यांचं होतं.

मेळ्याच्या समितीच्या प्रमुख होत्या वन्सं, मास्तरांची धाकटी बहीण. त्या वरच्याच मजल्यावर राहत. चार माणसं आणि फुलांचा गुच्छ घेऊन त्या खाली आल्या आणि बातमी सांगितली. सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले की बाईंच्या तोंडून नुसतं “बरं” निघालं. दुसऱ्या दिवशी भिंतीला परांची बांधून झालीसुद्धा. दूर नोकरीला असलेल्या मुलाचा फोन आला, की आई, केवढा मोठा मान हा, मी रजा टाकून येतोच.

चित्र काढायला आली ती पंचविशीची मुलगी, परगावची, मास्तरांना कधीही न पाहिलेली. जुने फोटो घेऊन ती बाईंच्या ओट्यापाशी स्टुलावर बसली. फोटोत मास्तर कायम खाली पेटीकडे बघत असल्यामुळे तिची अडचण झाली होती.

“काकू, त्यांची नजर कशी होती हो?”

बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. ही परकी मुलगी, आठ दिवसांनी निघून जाणारी. हिला सांगता येईल असं त्यांना वाटलं.

“नजर माझ्यावर असायची,” त्या म्हणाल्या. “सारखी. मी कुठेही गेले, काहीही केलं तरी. लग्न झाल्यापासून ते जाईपर्यंत.”

मुलीचे डोळे भरून आले. असं प्रेम हल्ली कुठे बघायला मिळतं, असं काहीसं म्हणत तिने ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. अगं, तसं नाही, एवढं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, पण मुलगी तोवर त्यांच्या गळ्यात पडली होती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य वस्तीभर झालं. समितीने एकमताने ठरवलं की चित्रातले मास्तर थेट बाईंच्या खिडकीकडे बघतील.

आधी सदऱ्याची कॉलर आली, मग पेटी, मग पेटीवरची बोटं, मग हनुवटी. बाई रोज पाठमोऱ्या उभ्या राहून स्वयंपाक करू लागल्या. सहाव्या दिवशी मसाल्याचा डबा घ्यायला वळल्या, तर समोर डोळे. दोन मजले उंच मास्तर, आणि नजर बरोबर ओट्यावर. बाईंनी दचकून घड्याळाकडे पाहिलं. किती उशीर झाला ते त्यांना कळेना. त्या दिवशी तर कारखान्याला सुट्टी होती.

तशाच त्या खाली गेल्या आणि मुलीला परांचीवरून उतरायला लावलं. डोळे मिटलेले काढता येतील का, निदान खाली झुकलेले, असं त्यांनी विचारलं. आजूबाजूला खुर्च्या मांडणारी माणसं जमली. मिटलेले डोळे बरे दिसणार नाहीत, असं एकजण म्हणाला. मुलगी हळुवारपणे म्हणाली की काकू, सुरुवातीला आठवणींचा त्रास होतो, मग त्याच आधार होतात. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळी भली माणसं होती. त्या निमूटपणे जिना चढून परत आल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला उद्घाटन झालं. मास्तरांचे जुने विद्यार्थी आता बाप्ये होऊन आले होते, ते गायले. मुलगा पहिल्या रांगेत रुमालाने डोळे टिपत होता. मग माईक बाईंच्या हातात आला. त्यांनी आधी मुलाकडे बघितलं.

“ते होते तसेच दिसतायत,” त्या म्हणाल्या.

टाळ्या थांबता थांबेनात.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. त्याला निरोप देऊन आल्यावर बाईंनी जाड कागद घेतला, खळ कालवली आणि खिडकीच्या तावदानांवर आतून कागद चिकटवून टाकला. भर दिवसा दिवा लावायची पाळी आली. खालून जाणाऱ्यांनी ते पाहिलं आणि एकमेकांना सांगितलं की बिचारीला अजून सहन होत नाही, एवढा जीव होता.

दुपारी वन्सं आल्या. कागद लावलेल्या खिडकीसमोर बसल्या.

“दादा मला खोलीचं दार लावू देत नसे,” त्या एकदम म्हणाल्या. “माझं लग्न होईपर्यंत. आईला वाटायचं, बहिणीवर किती जीव आहे.”

बाई ओट्याला टेकल्या.

“त्या मुलीने समितीत तुमचं वाक्य वाचून दाखवलं ना, वहिनी, तेव्हाच मला कळलं तुम्ही काय सांगत होतात ते. तरी मी हात वर केला.”

“का?”

“काय सांगणार होते? त्याने काही केलं, असं म्हणायला त्याने काही केलंच नाही कधी.”

बाहेर कोणीतरी भिंतीपुढे उभं राहून फोटो काढून घेत होतं, नीट उभे राहा म्हणून कुणीतरी कुणाला सांगत होतं. चित्र पुसता येईल का, असं बाईंनी विचारलं. वन्सं म्हणाल्या की पाच वर्षं तरी नाही, पावसाने न जाणारा रंग मीच मुद्दाम मागवला होता.

मग त्या उठल्या आणि ओट्यावरचं पातेलं त्यांनी उचललं.

“माझं स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. तिथून भिंत दिसत नाही. आजपासून वर येत जा.”

बाईंनी डबे घेतले, दिवा मालवला आणि दाराला कडी घातली. जिन्याच्या वळणावर रस्त्याच्या बाजूला, भिंतीच्या समोरच, एक उघडी जाळी होती. तिथे आल्यावर दोघींनीही माना खाली घातल्या आणि पायऱ्यांकडे बघत वर चढून गेल्या.